'व्हॅक' : एका फटक्याचा प्रवास

इंग्रजीतल्या 'व्हॅक' या शब्दात फटका आणि त्याचा आवाज दोन्ही एकदमच येतात. मराठीतल्या 'धपाटा'सारखीच ही अनुकरणवाचक घडण. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात हा शब्द छापील मजकुरात दिसू लागतो. सोळाव्या शतकातला 'थ्वॅक' बहुधा त्याचा पूर्वज असावा. अठराव्या शतकातच बोलीभाषेत त्याला 'वाटा' असा अर्थ चिकटला. एका घावात तुकडे होतात, त्यातला एक आपला, अशी ही कल्पना असू शकते. यंत्र बिघडले की अमेरिकेत 'आउट ऑफ व्हॅक' म्हणतात. हा प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याचा धागा याच 'वाट्या'शी जोडला जातो, पण तो जरा ओढूनताणूनच वाटतो.

'बुशव्हॅकर' म्हणजे मुळात झाडीझुडपांतून वाट काढणारा रानवट माणूस. 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवी युद्धात मिझुरीतल्या दक्षिणवादी गनिमी लढवय्यांना हेच नाव पडले आणि शब्दाला दबा धरून मारण्याची छटा आली. विसाव्या शतकात गुन्हेगारी टोळ्यांच्या भाषेत 'व्हॅक' म्हणजे थेट खून. ब्रिटनमध्ये मात्र 'व्हॅक्ड' माणूस जिवंत असतो, फक्त दमून गळून गेलेला.