लिंबाळी (फुलपाखरू)

लिंबाळी (शास्त्रीय नाव: पॅपिलिओ डेमोलियस) हे पॅपिलिओनिडी कुळातील काळ्या-पिवळ्या रंगाचे मोठे फुलपाखरू आहे. कार्ल लिनियसने १७५८ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात अंगणातील कढीपत्त्यापासून श्रीगोंदा तालुक्यातील लिंबाच्या बागांपर्यंत त्याचा वावर असतो. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतच्या सर्व अवस्था घराजवळच पाहता येतील अशा मोजक्या जातींपैकी ही एक होय.

ओळख

पंखांचा विस्तार सुमारे ८ ते १० सेंटिमीटर असतो. काळ्या पंखांवर फिकट पिवळे, अनियमित आकाराचे ठिपके आणि मागील पंखाच्या आतल्या कडेला विटकरी-तांबडा ठिपका असतो. याच कुळातील कॉमन मॉर्मन या फुलपाखराप्रमाणे लिंबाळीच्या मागील पंखांना शेपटी नसते. दुरून ओळखण्यास एवढी खूण पुरते. मध शोषतानाही त्याचे पंख सतत फडफडत राहतात. पावसाळ्यात ओल्या मातीतील क्षार शोषण्यासाठी ते जमिनीवर उतरते.

अंडी, अळी व कोष

मादी कोवळ्या पानांवर एकेक फिकट पिवळे, गोल अंडे घालते. लिंबू, संत्रे, मोसंबी, कढीपत्ता, बेल व कवठ ही मुख्य खाद्यवनस्पती होत. नावावरून गल्लत होऊ शकते, परंतु कडुलिंबाचे कूळ वेगळे असून त्यावर ही अळी वाढत नाही.

लहान अळी तपकिरी असून तिच्यावर पांढरे डाग असतात. पानाच्या पृष्ठभागावर उघड्यावर बसूनही ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसत असल्यामुळे सहसा बचावते. शेवटची कात टाकल्यावर ती हिरवी होते आणि पानांत मिसळून जाते. डिवचल्यास डोक्यामागून दुभंगलेला नारिंगी-तांबडा अवयव बाहेर काढते व उग्र वास सोडते. माणसाला त्यापासून अपाय नाही. कोष रेशमी धाग्याच्या पट्ट्याने फांदीला टेकलेला असतो. आसपासच्या परिसरानुसार तो हिरवा किंवा तपकिरी होतो. उबदार हवामानात अंड्यापासून फुलपाखरू होण्यास साधारण महिनाभर लागतो.

लिंबू पिकावरील कीड

कागदी लिंबू हे श्रीगोंदा तालुक्यातील महत्त्वाचे फळपीक आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने लिंबाची ‘साई सरबती’ ही जात विकसित केली आहे. बागायतदाराच्या लेखी लिंबाळी ही पाने खाणारी अळी आहे, फुलपाखरू नव्हे. खरा धोका रोपवाटिकेतील रोपांना व नव्या लागवडीला असतो. तेथे मोजक्या अळ्याही नवती फस्त करून केवळ शिरा शिल्लक ठेवतात. वाढलेले झाड मात्र थोड्या अळ्यांचे नुकसान सहज भरून काढते. त्यामुळे अळी दिसताच सरसकट फवारणी करणे अनावश्यक ठरते. रोपे थोडी असल्यास अळ्या हाताने वेचणे सोपे पडते. प्रादुर्भाव वाढल्यास बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूवर आधारित कीटकनाशक वापरले जाते. ट्रायकोग्रामा ही सूक्ष्म गांधीलमाशी लिंबाळीच्या अंड्यांत आपली अंडी घालते. विषारी फवारणीत तीही मरते.

परसातील कढीपत्त्यावरची अळी वेचून टाकण्याऐवजी तशीच ठेवल्यास काही फांद्या खाल्ल्या जातात, पण झाड पुन्हा फुटते. कोषातून फुलपाखरू बहुधा सकाळी बाहेर पडते आणि पंख वाळेपर्यंत रिकाम्या कोषालाच लटकून राहते.