एकाच छावणीला दोघींची पत्रं

आज आपण अमेरिकेतल्या दोन बायकांची गोष्ट ऐकणार आहोत. दीडशे वर्षांहून जुनी आहे, पण खरी आहे. एकीचं नाव हॅरिएट आणि दुसरीचं फॅनी. दोघींचे नवरे एकाच वेळी, एकाच पलटणीबरोबर लढाईवर गेले. दोघींची पत्रं एकाच छावणीत पोचली. फरक एवढाच की हॅरिएट मालकांच्या घरातली होती आणि फॅनी गुलाम होती.

आधी लढाई कशाची ते सांगतो. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत कापसाचे मोठे मळे होते. तिथं राबायला आफ्रिकेतून धरून आणलेल्या लोकांचे वंशज होते, सुमारे ४० लाख. त्यांची खरेदी-विक्री होई. गुलामी मोडेल या भीतीनं दक्षिणेतली ११ राज्यं देशातून फुटली आणि १८६१ साली यादवी युद्ध पेटलं. टेक्सास हे त्यांतलंच एक राज्य. तिथल्या हॅरिसन जिल्ह्यात तर निम्म्याहून जास्त माणसं गुलाम होती.

याच जिल्ह्यात थिओफिलस पेरी नावाचा वकील राहत होता. हॅरिएट त्याची बायको. तिचं माहेर दूर, नॉर्थ कॅरोलायना राज्यात. १८६२ साली थिओफिलस दक्षिणेच्या फौजेत गेला आणि टेक्सासच्या २८व्या घोडदळात कॅप्टन झाला. नावाला घोडदळ, पण त्याच वर्षी घोडे काढून घेतले आणि शिपायांना पायी लढाईला लावलं. पुढची दोन वर्षं नवरा-बायकोचं बोलणं काय ते पत्रातूनच.

थिओफिलस लढाईच्या हालचाली लिही, छावणीतले हाल लिही, पलटणीतली बंडाळीसुद्धा लिही. हॅरिएट घरचं लिही. नवरा जवळ नसताना बाळंतपणाची भीती, लेकरांची दुखणी, घरातली टंचाई. दर्यावर उत्तरेच्या जहाजांची नाकेबंदी होती, त्यामुळे दक्षिणेत मीठ, कापड, कॉफी मिळेना. बायका घरीच सूत कातून कापड विणू लागल्या. भेंडीच्या बिया भाजून त्यांची कॉफी करू लागल्या. मांस खारवायच्या खोलीतली माती खणून, ती पाण्यात उकळून मीठ काढू लागल्या. १८६३च्या जुलैत व्हिक्सबर्ग पडलं, मिसिसिपी नदी उत्तरेच्या ताब्यात गेली आणि टेक्सास बाकीच्या दक्षिणेपासून तुटलं. हॅरिएटला माहेरची खुशाली कळणंही मुश्किल झालं.

शेवटी १८६४च्या एप्रिलमध्ये लुइझियानातल्या प्लेझंट हिलच्या लढाईत थिओफिलस जबर जखमी झाला. त्यातून तो वाचला नाही.

इथवर ऐकून हॅरिएटबद्दल वाईट वाटतं, आणि वाटायलाच हवं. पण त्या छावणीत आणखी एक माणूस होता. नॉरफ्लीट. थिओफिलसनं सेवेसाठी सोबत नेलेला गुलाम. साहेबाचा स्वयंपाक, धुणं, सगळी उठाठेव त्याच्याकडे. जायचं की नाही, हे त्याला विचारायची रीत नव्हती. त्याची बायको फॅनी मागे टेक्सासातच राहिली, पेरी कुटुंबाच्या स्प्रिंग हिल नावाच्या मळ्यावर.

२८ डिसेंबर १८६२ या तारखेचं फॅनीचं एक पत्र आहे. नवऱ्याला ती कळवते की तुला पाहायला मिळालं तर फार आनंद होईल. रात्रंदिवस तुझाच विचार असतो. तू मला विसरलास तरी मी तुला विसरणार नाही. तू आजारी असल्याचं कानावर आलं होतं, मग बरा झाल्याचंही कळलं. नाताळची मालकानं तीन दिवस सुट्टी दिली, पण तू नव्हतास म्हणून गोड लागली नाही. आई, वडील, आजी, भावंडं सगळ्यांनी खुशाली विचारली आहे. या जन्मी भेट झाली नाही तर स्वर्गात होईल. पण उत्तर लवकर धाड.

मैत्रिणींनो, आता कायदा ऐका. गुलामांचं लग्न कायद्याला मान्यच नव्हतं. सरकारी लेखी फॅनी कुणाची बायको नव्हती. १८६०च्या खानेसुमारीत गुलामांची नोंद मालकाच्या नावाखाली होई. वय, बाई की पुरुष, रंग. बहुतेक ठिकाणी नावसुद्धा नाही. पण पत्रात ती नॉरफ्लीटला नवरा म्हणते आणि खाली त्याची बायको म्हणून आपलं नाव घालते. जो कॅप्टन आपल्या बायकोसाठी झुरत होता, तोच दुसऱ्याच्या संसाराची ताटातूट करणाऱ्या व्यवस्थेसाठी लढत होता. दोन्ही गोष्टी एकाच घराण्याच्या कागदांत आहेत.

या पत्रानंतर चौथ्याच दिवशी, १ जानेवारी १८६३ला, राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त झाल्याचा जाहीरनामा काढला. टेक्सासात मात्र तो १९ जून १८६५ला, युद्ध संपल्यावर, उत्तरेची फौज आली तेव्हा लागू झाला.

आपला आणि या युद्धाचा संबंध आहे. अमेरिकेचा कापूस इंग्लंडला पोचेना, तेव्हा वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, आणि युद्ध संपताच तो कोसळला. पुढे १८७३ साली महात्मा फुले यांनी आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केलं.

पेरी कुटुंबाची ही पत्रं हॅरिएटच्या माहेरच्या कागदांबरोबर जपली गेली. आज ती नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात आहेत. कॅप्टनच्या घराण्याचे कागद जपायला माणसं होती. त्यांतच फॅनीचंही एक पान राहिलं. तिच्यासारख्या लाखो बायकांचं तेवढंही राहिलं नाही.

म्हणून आमची एक विनंती आहे. पुढच्या बैठकीला बचत गटाच्या वहीचं एक पान मोकळं ठेवा. प्रत्येकीनं त्यावर आपल्या आजीचं नाव, तिचं माहेर आणि तिच्याबद्दलची एक खरी गोष्ट लिहा. जिला लिहिता येत नाही तिनं सांगावं, शेजारणीनं लिहावं. खाली तारीख घालायला विसरू नका.