तळटीप : ‘बाबिलोनमध्ये भरदिवसा अंधार’

* ‘बाबिलोनमध्ये भरदिवसा अंधार’ : लेखकाचा रोख इ.स.पू. १३६ मधील १५ एप्रिलच्या खग्रास सूर्यग्रहणाकडे आहे. बाबिलोनच्या निरीक्षकांनी मातीच्या पाट्यांवर केलेली त्याची नोंद आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पृथ्वी तेव्हाही आजच्याच गतीने स्वतःभोवती फिरत होती असे धरून उलटे गणित केले, तर खग्रास पट्टा सुमारे ४९ अंश पश्चिमेला सरकतो आणि बाबिलोन त्यातून सुटते. पाटी खोटी नाही. घड्याळ म्हणून पृथ्वीच कच्ची आहे. भरती-ओहोटीच्या घर्षणाने तिचे परिवलन मंदावते, तर हिमयुगानंतर भूकवचाच्या उभारीने किंचित वेग घेते. एकंदरीत दिवस शतकामागे पावणेदोन मिलिसेकंदांनी लांबतो. वाढ क्षुल्लक, पण रोजची चूक साठत जाते. एकवीस शतकांत ती सव्वातीन तासांवर गेली. म्हणूनच १९६७ साली सेकंदाची व्याख्या पृथ्वीपासून तोडून सीझियम अणूच्या स्पंदनांवर बांधली गेली. या प्रकरणातील प्राचीन ग्रहणांच्या वेळा वाचकांनी ही दुरुस्ती ध्यानात ठेवूनच वाचाव्यात. — संपादक