बावीस जून १८९७ : दोन शहरे आणि इस्पितळांची गोष्ट

यंदाच्या स्मरणिकेसाठी आरोग्याशी संबंधित काहीतरी लिहा, अशी सूचना समितीकडून आली तेव्हा मी प्रथम टाळाटाळच केली. मी डॉक्टर नव्हे. उमेदीची सारी वर्षे येलहंक्याच्या चाक कारखान्यात गेली. जुना इतिहास वाचण्याची आवड, एवढेच माझे भांडवल. पण मागच्या गणपतीत रक्तदान शिबिराच्या वेळी एक तरुण सहकारी बोलता बोलता म्हणाला, "काका, गावाकडून आई आली आहे. तपासायला चल म्हटले की तिचे एकच पालुपद, दवाखान्यात गेलेला माणूस परत येत नाही." आम्ही सारे हसलो. घरी जाताना मात्र वाटले की ही भीती त्या माउलीची एकटीची नाही. तिला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो मुंबई-पुण्याहून थेट आपल्या बंगळूरपर्यंत येतो. तोही रेल्वेने!

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. साथीच्या रोग्यांसाठी आर्थर रोडला महापालिकेचे इस्पितळ होते. रोगी सापडला की त्याला उचलून तिकडे न्यायचे, असा खाक्या सुरू झाला. घरचे लोक रोगी लपवत, त्यामुळे तो तिथे पोचायचा तो शेवटच्या घटका मोजतच. साहजिकच आत गेलेल्यांपैकी बाहेर येणारे थोडे. लोकांनी त्यातून आपला निष्कर्ष काढला आणि त्याला अफवांची फोडणी मिळाली. ऑक्टोबरअखेरीस सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी या इस्पितळावर हल्ला केला. आज आपण त्यांना अडाणी म्हणून मोकळे होतो. पण बायकोला किंवा मुलाला अनोळखी शिपाई उचलून नेतात, भेटू देत नाहीत आणि चार दिवसांनी थेट मृत्यूची वार्ता येते, अशा वेळी शहाण्या माणसाने काय समजायचे?

मग मुंबईत एक वेगळी गोष्ट घडली. पारशी, हिंदू, मुसलमान, जैन अशा निरनिराळ्या समाजांनी स्वतःच्या वर्गणीतून आपापली प्लेगची इस्पितळे उघडली. औषध तेच, म्हणजे फारसे काहीच नाही! प्लेगवर त्या काळी खात्रीचा उपाय नव्हता. पण तिथे पाणी देणारा हात ओळखीचा होता, नातेवाईक बाहेर बसू शकत होते आणि सरकारी इस्पितळाचे नाव काढताच दार लावून घेणारी माणसे तिथे रोगी घेऊन येऊ लागली. जातवार इस्पितळे ही आज आपल्याला संकुचित कल्पना वाटते, आणि ती होतीच. तरीही परक्याच्या इस्पितळाकडून सर्वांच्या इस्पितळाकडे जाताना ती एक पायरी ठरली, असे माझे मत आहे.

पुण्याची कथा आपल्याला पाठ आहे. फेब्रुवारी १८९७ मध्ये रँड प्लेग कमिशनर म्हणून आला. गोरे सोजीर घराघरांत शिरून झडती घेऊ लागले, देवघर आणि माजघर असा भेद राहिला नाही. रोग्यांना इस्पितळात आणि घरच्यांना सेग्रिगेशन कॅम्पात धाडले जाई. लोकमान्यांनी या जुलमावर 'केसरी'तून कोरडे ओढले हे सर्वांना ठाऊक असते. मात्र इस्पितळ आणि विलगीकरण हवेच, असे त्यांचे म्हणणे होते, हे थोड्यांच्या लक्षात असते. गावातले पुढारी पुणे सोडून गेले तेव्हा ते पुण्यातच राहिले आणि हिंदू प्लेग हॉस्पिटल उभारण्यात पुढे झाले. त्याच वेळी शहराबाहेर हडपसरच्या बाजूला सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांचा दवाखाना चालू होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई तिथे आल्या. मुलगा वाचला, त्यांना मात्र संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. ज्या काळात रोग्याला शिपाई उचलून नेत, त्या काळात सहासष्ट वर्षांची बाई त्याला पाठीवर घेऊन येते, या एका गोष्टीपाशी मी वाचताना दरवेळी थांबतो.

पुढे आली २२ जून १८९७ ही तारीख. त्याच नावाचा मराठी चित्रपट ज्यांनी पाहिला आहे त्यांना ती वेगळी सांगायला नको. राणी व्हिक्टोरियाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या.

आता याच तारखेला बंगळुरात काय चालले होते, ते पाहा. त्याच हीरकमहोत्सवाच्या निमित्ताने म्हैसूरच्या राज्यकारभार पाहणाऱ्या महाराणी केंपनंजम्मण्णी यांच्या हस्ते, जुन्या किल्ल्याजवळ, एका इस्पितळाची कोनशिला बसत होती. तेच आपले व्हिक्टोरिया हॉस्पिटल. एका राणीचा एकच उत्सव, पण एका शहरात तो दिवस पिस्तुलाच्या आवाजाने लक्षात राहिला आणि दुसऱ्यात इस्पितळाने. मी अनेक वर्षे व्हिक्टोरियावरून के. आर. मार्केटला भाजीला जात असे, पण हा योगायोग कळला तो निवृत्तीनंतर.

अर्थात यावरून बंगळूरकर फार समजूतदार आणि आपण तापट, असा निष्कर्ष कोणी काढू नये. इथे तेव्हा प्लेग पोचलाच नव्हता. तो आला ऑगस्ट १८९८ मध्ये, हुबळीहून, रेल्वेने. त्या गाडीमार्गाचे नाव सदर्न मराठा रेल्वे! आपण मराठी मंडळी ज्या वाटेने पोटापाण्यासाठी इकडे आलो, साधारण त्याच वाटेने तोही आला. मग इथेही तेच सारे घडले : घरे रिकामी करणे, स्थानकावर प्रवाशांची तपासणी, शहराबाहेर छावण्या. म्हैसूर संस्थानात श्रीरंगपट्टणजवळच्या गंजाम येथे या सक्तीविरुद्ध दंगल झाली. लोकांनी देवीला 'प्लेग मारियम्मा' असे नाव देऊन देवळे बांधली, त्यांतली काही आजही नांदती आहेत. आणखी एक गंमत सांगतो. चाळीतल्या माणसांना हलवून काय साधले? रोग पसरत होता तो उंदरांवरच्या पिसवांमधून. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत ते दाखवूनही दिले, पण पुढची काही वर्षे त्याचे कोणी फारसे मनावर घेतले नाही.

या छावण्यांतून राबणारे एक नाव मुद्दाम सांगायला हवे : डॉ. पद्मनाभन पल्पू. ते मूळचे त्रावणकोरचे. जात आडवी आली म्हणून स्वतःच्या संस्थानाने त्यांना नोकरी नाकारली, म्हैसूरने दिली. प्लेगात लोक शहर सोडून पळत असताना हा परमुलखातला माणूस इथे रोग्यांमध्ये राहिला. बाहेरून येऊन या शहराचे देणे फेडणाऱ्यांत त्यांचा क्रमांक फार वरचा आहे.

त्या साथीने बंगळूर बदलले. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या मोकळ्या वस्त्या तेव्हाच्या. ८ डिसेंबर १९०० रोजी लॉर्ड कर्झनच्या हस्ते व्हिक्टोरिया सुरू झाले, तेव्हा ते नुसते राणीचे स्मारक उरले नव्हते. साथ भोगलेल्या शहराची ती गरज होती.

मिरजेचे उदाहरण दिले नाही तर आमचे सांगली-बेळगावकडचे सभासद मला मांडवात बसू देणार नाहीत. डॉ. विल्यम वानलेस हे कॅनडात जन्मलेले मिशनरी डॉक्टर १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले आणि १८९४ मध्ये मिरजेत त्यांचे इस्पितळ उभे राहिले. इथे कोणाला पकडून आणले जात नव्हते. मराठी आणि कानडी, दोन्ही मुलखांतले लोक बैलगाडीने आणि पुढे आगगाडीने आपणहून येत. मिशनरी बाटवतील ही धास्ती असूनही येत, कारण शेजारच्या गावातला कोणीतरी ऑपरेशन होऊन स्वतःच्या पायांनी घरी गेलेला असे. जाहिरात ती एवढीच. सांगली-मिरजेच्या मधल्या क्षयरोग्यांच्या वसाहतीला लोकांनी वानलेसवाडी म्हटले. परदेशी साहेबाच्या नावापुढे 'वाडी' लागते, तेव्हा लोकांनी त्याला आपल्यात घेतलेले असते.

सरकारी असो, मिशनचे असो की वर्गणीचे, 'हे आपले' असे ज्या इस्पितळाबद्दल गावाला वाटते तिथे माणूस वेळेवर जातो. वेळेवर गेलेला माणूस वाचण्याची शक्यता अधिक, आणि तो वाचला की आणखी दहा जण येतात. आर्थर रोडला हेच चक्र उलटे फिरले होते. तेच इस्पितळ आज कस्तुरबा या नावाने ओळखले जाते. मार्च २०२० मध्ये कोविडचे मुंबईतले पहिले रुग्ण तिथेच ठेवले गेले. इकडे व्हिक्टोरियाही कोविडसाठी राखून ठेवले होते. तपासणीला आलेल्या आरोग्यसेविकांवर लोक हात उगारत असल्याच्या बातम्या वाचताना मला १८९६ सालच आठवत होते.

आता थोडे आपल्या येलहंक्याबद्दल. केंपेगौडांचे हे मूळ गाव. बंगळूर त्यांनी मागाहून वसवले. आमचा कारखाना, तेव्हाचा व्हील अँड ॲक्सल प्लँट, १९८४ साली सुरू झाला. आज इकडच्या रस्त्यावर मोठमोठ्या इस्पितळांच्या पाट्या दिसतात. तेव्हा रात्री-अपरात्री गरज पडली तर हेब्बाळच्या किंवा त्याही पलीकडच्या दिशेने धावावे लागे. हेब्बाळचे बॅप्टिस्ट हॉस्पिटल १९७३ पासूनचे, तेवढाच जवळचा आधार.

आम्ही येथे आलो त्याच्या दुसऱ्याच वर्षी मी दौऱ्यावर असताना सौ.ला रात्री पोटात असह्य कळा सुरू झाल्या. घरात चार वर्षांची मुलगी, जवळ नातेवाईक नाही, आणि कन्नड म्हणजे 'स्वल्प' आणि 'बेडा' एवढेच. शेजारच्या कन्नड गृहस्थांनी रिक्षा आणली, त्यांच्या पत्नीने मुलीला आपल्याजवळ निजवले. अपेंडिक्स होते, पहाटे ऑपरेशन झाले. मी तिसऱ्या दिवशी पोचलो. बिल भरताना कारकुनाने संमतीचा कागद पुढे केला. रुग्णाशी नाते, या रकान्यात त्या शेजाऱ्यांनी सही करण्यापूर्वी लिहिले होते : अण्णा.

कारकुनाने मला विचारले, "हे आपले मेव्हणे का?"

मी हो म्हणालो.