खुनी सापडतो, घराचे काय?

एडगर ॲलन पोची ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’ १८४१ साली प्रसिद्ध झाली आणि आधुनिक डिटेक्टिव्ह कथा तिथून सुरू झाली, असे मानतात. पॅरिसमधल्या एका घरात आई आणि मुलीचा भीषण मृत्यू होतो, पोचा डिटेक्टिव्ह द्यूपँ डोके लढवून उलगडा करतो. पण त्या दोघींसाठी कथेत कुणी रडत नाही. रडायला मागे कुणी ठेवलेलेच नाही. प्रेत म्हणजे कोडे, ही वहिवाट तिथे पडली. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाडने वाचकांना रात्र-रात्र जागवले, तेही वेगाच्या आणि चातुर्याच्या बळावर.

मग खुनाच्या कादंबरीत मयताचे घर कधी शिरले? जून १८६० च्या अखेरीस इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात, रोड हिल हाउस नावाच्या घरात, चार वर्षांचाही न झालेला सॅव्हिल केंट रात्रीतून नाहीसा झाला. त्याचे प्रेत आवारातल्या शौचकूपात सापडले. स्कॉटलंड यार्डच्या जोनाथन व्हिचरने त्याच्या सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीवर संशय घेतला. आधार एका हरवलेल्या नाइटगाउनचा. खानदानी घरातल्या मुलीवर आळ घेतला म्हणून लोक व्हिचरवरच उलटले. १८६५ मध्ये तिने स्वतःहून कबुली दिली. विल्की कॉलिन्सने ‘द मूनस्टोन’ (१८६८) लिहिताना या प्रकरणातून नाइटगाउन उचलला, तपास करणारा अधिकारी उचलला, पण मेलेले मूल वगळून त्याच्या जागी हिरा ठेवला. कादंबरी उत्तम आहे, तरी ही मला माघारच वाटते.

ते मूल कादंबरीत आणले दस्तयेव्हस्कीने. ओम्स्कच्या तुरुंगात बापाच्या खुनासाठी शिक्षा भोगणारा एक कैदी त्याच्यासोबत होता. हा माणूस निर्दोष असल्याचे पुढे उघड झाले. ‘ब्रदर्स कारामाझोव्ह’मध्ये बापाच्या खुनाचा आळ आलेल्या मित्याच्या खटल्याचे बीज ते. पण बीज रुजले आणखी एका मृत्यूत. मे १८७८ मध्ये दस्तयेव्हस्कीचा धाकटा मुलगा अल्योशा अपस्माराच्या झटक्याने गेला. तिसरे वर्ष पुरे व्हायला तीन महिने कमी होते. हा आजार बापाचाच. महिनाभराने दस्तयेव्हस्की ऑप्टिना मठात गेला, तिथल्या वृद्ध साधूंना भेटला. कादंबरीत मठाच्या दारी एक शेतकरी बाई येते. तिचा मुलगा गेला आहे, वय तेच, तीन महिने कमी तीन वर्षे, आणि नावही अलेक्सेय. नायकाचे नाव तर अल्योशाच. आणि ज्या आजाराने पोटचे पोर नेले, त्याच आजाराचे सोंग कादंबरीतल्या बापाला मारणारा स्मेर्द्याकोव बचावासाठी वापरतो. असे लिहायला बापाला काय सोसावे लागले असेल!

शेवटही पाहा. कोर्टाचा निकाल लागल्यावर कादंबरी थांबत नाही. ती इल्यूशा या शाळकरी पोराच्या अंत्ययात्रेपर्यंत, त्याच्या वेड्यापिशा झालेल्या बापापर्यंत जाते. तिथे खुनाच्या तपासाचा काही संबंध उरलेला नसतो, आणि तरीही वाचक पुस्तक खाली ठेवत नाही.

१९३२ मध्ये अमेरिकेत विमानवीर लिंडबर्गचे वीस महिन्यांचे मूल पळवून नेऊन मारले गेले. पोलिसांनी चौकशी केलेल्या एका मोलकरणीने आत्महत्या केली. ॲगाथा ख्रिस्तीने दोनच वर्षांत ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’मध्ये दोन्ही घेतले. कोडे रचण्यात तिचा हात धरणारे कुणी नव्हते. इथे मात्र कोड्याचे उत्तरच एका उद्ध्वस्त घराच्या दुःखात आहे, आणि न्याय कसला हे ठरवताना तिचा डिटेक्टिव्ह, प्वारोसारखा प्वारोही अडखळतो.

डेनिस लेहेनच्या ‘मिस्टिक रिव्हर’मध्ये (२००१) हे दुःख स्वतःच गुन्हा करते. बॉस्टनमधल्या जिमी मार्कसची एकोणीस वर्षांची मुलगी मारली जाते. पोलीस पुराव्यांमागे चालतात, बाप दुःखामागे धावतो आणि त्यांच्याआधी पोहोचतो, पण चुकीच्या माणसापाशी. बालपणीचा मित्र त्याच्या हातून मरतो. खुनी कोण आणि आता जगायचे कसे, हे दोन प्रश्न इथे एकाच माणसाच्या गळ्यात पडतात. खुनाच्या कादंबरीची ही जात मला खिळवते ती त्यामुळे. ‘मिस्टिक रिव्हर’ वाचायला घ्याल तेव्हा खुन्याचा अंदाज बांधत बसू नका, जिमीवर नजर ठेवा.