दोरीवरून धनुष्य

“गुरुजी, उत्तर 30 अंशच का? 150 का नाही?” एका विद्यार्थ्याने वर्गात विचारले. “पुस्तकात तसे आहे,” असे म्हणून मी त्याला खाली बसवले. ते उत्तर मला पुढे बरेच दिवस बोचत राहिले.

वाचकहो, फराळाच्या ताटापाशी गणित वाढतो आहे, क्षमा असावी. पण ही गोष्ट धनुष्याची आहे. वर्तुळाच्या तुकड्याला आपले पूर्वज ‘चाप’, म्हणजे धनुष्य म्हणत. त्याची टोके जोडणारी दोरी ती ‘ज्या’. पुढे सोयीसाठी अर्ध्या दोरीलाच ज्या म्हणू लागले. आर्यभटाने इ. स. 499 मध्ये 24 ज्या दिल्या. त्याच्या 3438 त्रिज्येच्या वर्तुळात 30 अंशांची ज्या 1719.

आकाश मोजणाऱ्याला मात्र उलटा प्रश्नही पडतो: दोरी हाती आहे, धनुष्य केवढे? हीच व्यस्त त्रिकोणमिती. आणि इथेच मेख आहे! 1719 ही ज्या 150 अंशांचीही असते. दोरी एक, धनुष्ये दोन. एका प्रश्नाला एकच उत्तर हवे, म्हणून आज ते उणे 90 ते अधिक 90 अंशांतच घेण्याचा संकेत आहे.

भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास ‘लीलावती’त दोरीवरून धनुष्य काढण्याची स्थूल रीत दिली. हवे तितके अचूक उत्तर देणारी रीत चौदाव्या शतकात केरळातील संगमग्रामच्या माधवाच्या नावावर आहे. ज्येला कोटिज्येने भागावे. त्या भागाकारातून त्याच्या घनाचा तिसरा हिस्सा वजा करावा, पाचव्या घाताचा पाचवा हिस्सा मिळवावा, असे चालत राहावे. येणारे उत्तर त्रिज्येने गुणले की धनुष्य मिळते. अट एकच: दोहोंतील लहान संख्येला मोठीने भागावे, नाहीतर पदे लहान होतच नाहीत.

युरोपात हीच श्रेणी जेम्स ग्रेगरीने 1671 मध्ये शोधली. केरळच्या कामाची वार्ता इंग्रजी वाचकांना चार्ल्स व्हिश याच्या लेखातून मिळाली, तीही 1834 मध्ये.

माधवाचा या रीतीवरील ग्रंथ आज हाती नाही. पण 1530 च्या सुमारास ज्येष्ठदेवाने ‘युक्तिभाषा’ लिहिली: संस्कृत श्लोकांत नव्हे, घरच्या मलयाळम गद्यात. नुसती रीत सांगून तो थांबला नाही. ती खरी का, हेही त्याने सविस्तर समजावले.

हे वाचले आणि दुसऱ्याच दिवशी फळ्यावर एक दोरी व दोन धनुष्ये काढली. त्या मुलाला पुन्हा उभे केले. म्हटले, “बाळ, आता विचार.”