जयपूरच्या ठशाखालचे कापड

जयपूरच्या दक्षिणेस सांगानेर आणि अजमेरच्या वाटेवर बगरू, ही छिप्यांची दोन गावे. त्यांतील भेद सहसा ठशांच्या नक्षीत शोधला जातो; पण तो त्याआधी, कापडातच सुरू होतो.

सांगानेरचा नाजूक बुट्टा पांढऱ्या मलमलीवर उमटे. बगरूची छपाई मुख्यतः खेड्यांतील घागऱ्यांसाठी असल्याने तेथे जाडेभरडे सूत चाले. दोन्ही कापडांची वीण मात्र एकच: बाण्याचा धागा ताण्याच्या एका धाग्यावरून, एकाखालून जातो. फरक पडतो तो सुताच्या नंबराने. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी, तितका त्याचा नंबर. २० नंबरचे पौंडभर सूत सुमारे १५ किलोमीटर भरते, ८० नंबरचे ६१. लांबी चौपट झाली की धाग्याची जाडी निम्मी होते. बारीक धाग्यांवर ठशाची रेघ रेखीव राहते. जाड सुतात ती किंचित फुलते. पण दाबूचा, म्हणजे रंग अडवणाऱ्या चिखलाचा, लेप भरड कापड चांगला धरते.

वीण तीच ठेवून ताण्याचे धागे बाण्याहून बरेच दाट बसवले की पॉपलीन होते. त्यावरील बारीक आडव्या रेषा त्याचीच खूण. ट्विलमध्ये बाणा सहसा दोन किंवा अधिक धागे ओलांडतो आणि ही गुंफण दर ओळीत एका धाग्याने सरकते, म्हणून तिरक्या रेषा दिसतात. गुंफण विरळ असल्याने त्यात धागे दाटीने बसतात.

हे ज्ञान विणकराच्या बोटांत होते. १८६६ मध्ये फोर्ब्स वॉटसन यांनी ते ग्रंथांत उतरवले: भारतीय कापडांचे ७०० नमुने, १८ खंड, २० संच. त्यांतील केवळ ७ संच भारतासाठी होते. उद्देश ब्रिटिश कारखानदारांना येथील आवडनिवड कळावी हा. सूक्ष्मदर्शकाखाली ढाक्याचे हातसूत युरोपीय यंत्रसुताहून बारीक आणि अधिक पिळाचे निघाले, हे वॉटसन यांनीच नोंदवले. बाजारात मात्र स्वस्ताई जिंकली.

सांगानेरमध्ये आज ठशाखाली येणारी मलमल, कॅम्ब्रिक, पॉपलीन बहुतांशी गिरणीची किंवा यंत्रमागाची असते. सांगानेरी आणि बगरू या दोन्ही नावांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेही हातछपाईसाठी. ज्या भरड आणि तलम पोतांमुळे त्या दोन छपाया वेगळ्या झाल्या, ती विणणाऱ्यांचा त्या नावांत उल्लेख नाही.